चौतीसवरून एकोणचाळीस

हरिदासभाऊ रामटेके यांनी जन्मभर मालगाडीचे डबे दुरुस्त केले. रायपूरच्या वॅगन कारखान्यात छत्तीस वर्षं. डबा काही बोलत नाही, म्हणून त्यांचं आणि डब्यांचं छान जमलं. घरात बोलायचं काम मायाबाईंकडे होतं. मुलगी साक्षी बंगळुरूला नोकरीला गेली, तशा दर रविवारी सकाळी दहाला मायलेकी कम्प्यूटरवर तास-तास बोलायच्या. भाऊ मागच्या खुर्चीत बसून चहा प्यायचे. रायपुरात हिंदीतच वाढलेल्या साक्षीनं मधूनच विचारलं, "पप्पा कैसे हैं?" तर उत्तर मायाबाईच द्यायच्या, "बरे हायेत. गुडघा दुखते म्हणतेत." भाऊंना आपली तब्येत बायकोच्या तोंडून कळायची.

मायाबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. आता पुढच्या खुर्चीत भाऊंनाच बसावं लागतं. साडेनऊलाच ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर आठवडाभरात जमा केलेले विषय: नळाचं पाणी, गॅसची टाकी, शेजारच्या श्यामरावांचा मोतीबिंदू, विहारातला कार्यक्रम. "जय भीम पप्पा," "जय भीम बेटा" झालं की चिठ्ठी सुरू. चिठ्ठी आठ मिनिटांत संपायची, आणि त्याच सुमाराला पडद्यावर साक्षीचं तोंड अर्धवट उघडं राहून थिजायचं. आवाज मागून यायचा, तुटक तुटक, "पप्पा, आपका वीडियो अटक रहा है. वो डब्बा बहुत पुराना हो गया. चलो, अगले संडे."

पडदा काळा झाला की घरात पंख्याचा आवाज तेवढा उरायचा. पुढचा रविवार यायला मधे सहा दिवस, आणि ते सहाही दिवस माणसाला एकट्यालाच ढकलावे लागतात.

श्यामराव म्हणाले, "नवा घेऊन टाका ना भाऊ. नाहीतर मोबाईलवर बोला."

"मोबाईलमंधी पोरीचं तोंड चिंचोक्याएवढं दिसते," भाऊ म्हणाले. "अन् डबा भंगारात काढायच्या आंधी त्याले तपासा लागते."

खरी गोष्ट वेगळी होती. तो कम्प्यूटर साक्षीनं इंजिनिअरिंगला असताना एकेक भाग आणून याच खोलीत, याच फरशीवर जोडला होता. मायाबाई शेजारी टॉर्च धरून बसल्या होत्या आणि "एवढ्या पैशात गाय आली असती" म्हणत होत्या. तो भंगारात द्यायचा म्हणजे काय?

पलंगाखालच्या खोक्यात मदरबोर्डची पुस्तिका सापडली. भाऊ इंग्रजी अक्षर-अक्षर जोडत वाचतात, पण वाचतात. पुस्तिका घेऊन ते पंडरी बाजाराच्या बाजूला भार्गवच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. भार्गव पन्नाशीचा, चष्मा कायम कपाळावर. त्यानं पुस्तिका पाहिली आणि म्हणाला, "चाचा, बिटिया समझदार थी. ये खुला वाला प्रोसेसर है, इसकी रफ़्तार बढ़ती है."

मग त्यानं समजावलं. चालू करताना एक बटण दाबून धरायचं, म्हणजे सेटिंगचं पान उघडतं. तिथं एक आकडा आहे, चौतीस. शंभराला चौतीसनं गुणलं की जी येते ती याची चाल. तो आकडा वाढवायचा. "पर एक-एक. और वोल्टेज को हाथ मत लगाना. गरमी अस्सी के पार जाए तो चुपचाप वापस."

भाऊ हसले. हे त्यांना नवीन नव्हतं. डब्यात माल वाढवायचा तर आधी थोडा चालवून पाहायचा, मग उतरून चाकाच्या आसापाशी उलटा हात लावायचा. हात टिकला तर पुढं. तळहात कधी लावायचा नाही, भाजला तर उद्या काम कशानं करणार?

त्यांनी आधी आतली धूळ ब्रशनं काढली. अकरा वर्षांची धूळ, तिच्यात साक्षीच्या केसांचा एक रबरबँडही निघाला. तो त्यांनी खिशात ठेवला. प्रोसेसरवरचा गरमी ओढणारा, पण आता वाळलेला लेप पुसून भार्गवनं दिलेला नवा लावला, मुगाच्या दाण्याएवढा. मग वही उघडली. पस्तीस. अर्धा तास कम्प्यूटरला मुद्दाम जड काम लावून ठेवलं, पडद्यावर दिसणारी गरमी लिहिली. दुसऱ्या दिवशी छत्तीस. मे महिना, रायपूरची दुपार, म्हणून परीक्षा दुपारी दोनलाच. सकाळच्या गारव्यात तर कोणीही पास होतं. अडतीसला एकोणसत्तर अंश. चाळीसला शहात्तर. एकेचाळीसला पडदा निळा पडला आणि कम्प्यूटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

इथं भाऊंनी चाळिसावर थांबायला हवं होतं. पण माणूस एकटा असला की त्याला टोकणारं कोणी नसतं. घरात कोण होतं म्हणायला, की अवो, हे काय करून राहिले? त्यांनी कम्प्यूटरचा बाजूचा पत्रा काढला आणि खिडकीतला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ओढत आणून अगदी समोर लावला. आपण माणसं उन्हाळ्यात कूलरपुढं बसतो, मग त्यानं काय पाप केलं? गरमी पटकन दहा अंशांनी उतरली. भाऊ खूष. त्रेचाळीसपर्यंत गेले. वहीत त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या दिवशी कम्प्यूटर तीन वेळा टीं-टीं वाजला आणि मेला.

पोत्यात बांधलेला कम्प्यूटर मांडीवर घेऊन भाऊ रिक्षानं भार्गवकडे गेले. भार्गवनं आत बोट फिरवलं, बोटाला ओल लागली. त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "चाचा, इसको नहलाया काहे?"

"गरम होऊन राहिला होता."

"तो कूलर लगा दिए? कूलर हवा थोड़ी देता है, पानी देता है. हमारी चमड़ी पी लेती है. ये कहाँ पिएगा?"

भाऊ खाली मान घालून स्टुलावर बसून राहिले. मायाबाई गेल्या त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर बसले होते, तसेच. भार्गवनं ते पाहिलं, आणि चिडवणं थांबवलं. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांची टोकं शाळेतल्या खोडरबरानं घासली, सगळं कोरडं केलं. मग रुपयाएवढी गोल बॅटरी काढून पाच मिनिटं बाजूला ठेवली. "अब ये बढ़ाया-घटाया सब भूल जाएगा. फिर चौंतीस से शुरू." कम्प्यूटर चालू झाला. भाऊंनी हात जोडले.

कूलर परत खिडकीत गेला. पत्रा जागेवर बसला. पुन्हा पस्तीस, छत्तीस, सगळं पहिल्यापासून. या वेळी चाळीस चालत असूनही एक पायरी खाली उतरून ते एकोणचाळीसवर थांबले. भर दुपारी बहात्तर अंश. वहीत लिहिलं: पास.

रविवार आला. पडदा उजळला आणि साक्षी दिसली, अशी स्वच्छ की तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही दिसली. तिच्या मागचा खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत होता. भाऊंनी चिठ्ठी सुरू केली. पाणी, गॅस, मोतीबिंदू. आठव्या मिनिटाला साक्षी म्हणाली, "पप्पा, आपका अटक रहा है."

मागचा खिडकीचा पडदा हलतच होता. तिचा अंगठा खाली दुसऱ्या मोबाईलवर फिरत होता, तोही दिसत होता. काही अटकलेलं नव्हतं.

"हव," भाऊ म्हणाले, "जुना हाय ना."

पडदा काळा झाला. वहीत त्यांनी एकच ओळ लिहिली: डब्यात खोट नव्हती. पोरीचा राग आला नाही. आठवडाभर राबलेल्या पोरीनं श्यामरावांचा मोतीबिंदू तरी किती ऐकावा? आई होती तेव्हा बोलणं होतं. आता नुसती हजेरी होती.

पुढच्या रविवारी त्यांनी तिला खोटं बोलायची पाळीच येऊ दिली नाही. सातव्या मिनिटाला स्वतःच म्हणाले, "अटकून राहिलं बेटा. ठेव तू."

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पण साक्षीनं ठेवलं नाही. "नहीं पप्पा, इधर तो एकदम साफ़ है. पिछले हफ़्ते भी साफ़ था." ती थोडी जवळ आली. "आप काहे बोल रहे हो, अटक रहा है?"

भाऊंनी चिठ्ठीकडे पाहिलं. चिठ्ठी संपली होती. आठ मिनिटांच्या पुढचं त्यांनी काही जमवूनच आणलं नव्हतं.

"साफ़ कैसे हुआ? नया लिया?"

"नाही वो. तुयाच हाय. चौतीसवर होता, मीनं एकोणचाळीस केला."

साक्षीचा मोबाईलवरचा अंगठा थांबला. "ओवरक्लॉक किया? आपने? वोल्टेज बढ़ाया?"

"हात नाही लावला."

"टेम्परेचर?"

"दुपारचं बहात्तर. पण आंधी एक घोळ झाला होता. त्याले मीनं कूलरपुढं बसवलं."

"किसको?"

"कम्प्यूटरले."

तिचा हात तोंडावर गेला. खांदे हलू लागले. "पूरा बताओ. शुरू से. एक से."

"थांब," भाऊ उठले, "वही घेऊन येतो. त्यात सगळं लिहिलं हाय."

वही आतल्या खोलीत होती. दाराशी जाऊन त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं. पोरगी पडद्यावर होती. डोळे पुसत होती, हलत होती, आणि वाट पाहत होती.