पंचावन्न किलोच्या आत

नववीत असताना मी कबड्डी खेळणार की नाही, हे माझ्या पोटावर अवलंबून होतं. पाथरीचे सामने पंचावन्न किलोच्या आतल्या मुलांचे आणि मी त्याच्या चांगला पलीकडे. पकड करायला माझ्यासारखा झरीच्या शाळेत दुसरा नव्हता. हे मीच नाही, सरही म्हणायचे.

वजन चढवलं होतं मामानं. पाथरीत एसटी स्टँडसमोर त्याचं कोल्ड्रिंकचं दुकान होतं. दर उन्हाळ्यात मी तिथे मुक्काम ठोकायचो आणि बर्फाच्या पेटीतल्या नारिंगी बाटल्या रिकाम्या करायचो. बहिणीच्या पोराचा हात अडवील तो मामा कसला?

सरांनी फर्मान काढलं, साखर बंद. आईनं इमानेइतबारे साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि माझ्या चहात गूळ घालायला सुरुवात केली, तोही सढळ हातानं. पळून पळून पोरगं वाळत चाललंय, असं तिला दिसत होतं. काट्याला मात्र तसं काही दिसत नव्हतं. शेवटी सर घरी आले. आईनं त्यांनाही तोच चहा दिला.

"ह्याला गूळ देता होय?"

"मग? गूळ काय साखर हाय का, सर? गूळ घरच्या उसाचा हाय."

सरांनी कपाळाला हात लावला आणि चहा संपवला.

मग गूळही गेला. पोटात कावळे ओरडत असताना मी शिवारभर पळालो. सामन्याच्या सकाळी गावातल्या अडत दुकानाच्या काट्यावर मी पंचावन्नच्या आत बसलो, पण अगदी काठावर. सरांनी मला मिठीच मारली. मला आभाळ ठेंगणं झालं.

जीप पाथरीत थांबली तसा मामा दुकानातून दोन्ही हातांत बाटल्या घेऊनच धावत आला.

"मामा, अजून वजन व्हायचंय," मी कळवळून म्हणालो.

"आरं, गॅस हाय त्यात! ढेकर आला की माणूस हलका होतोय का न्हाई?"

मी खरंच विचार केला. ढेकरानंतर हलकं वाटायचं, हे तर खोटं नव्हतं. शिवाय मामाच्या दारातून कोरड्या तोंडानं जाणं म्हणजे आईचं नाक कापणं. दोन्ही बाटल्या मी रिचवल्या आणि ढेकरही मनापासून दिले.

मैदानावरच्या काट्यानं मला बाद ठरवलं. मी बनियन काढलं, करदोडासुद्धा काढला, तरी पंचांची मान नाहीच म्हणत राहिली. मामा भडकला. "काटाच खराब हाय तुमचा!" म्हणत तो स्वतः वर चढला. "बघा, माझंबी लय जास्त दाखवायलाय!"

आमची टीम माझ्याशिवाय खेळली आणि हरली. रेषेबाहेर बसून मी हमसून हमसून रडलो. मामाला ते बघवेना. पळत जाऊन त्यानं आणखी एक गार बाटली आणली आणि माझ्या हातात कोंबली. हरलेली पोरं बघत होती, सर बघत होते. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण खरं सांगतो, इतकी गोड बाटली मी त्याआधी कधी प्यायलो नव्हतो.