सात मिनिटांची गाडी

कर्वेनगरच्या श्यामलाबाई आपटे रोज सकाळी साडेसहाला गाडी काढत, कोपऱ्यावरून दूध घेत आणि सात मिनिटांत परत पार्किंगमध्ये हजर. दूध घरपोच येत नव्हतं असं नाही. पण बाळ आपट्यांनी दवाखान्यात बायकोला शेवटचं सांगितलं ते एवढंच : "गाडी बंद ठेवू नकोस. रोज फिरवत जा." छत्तीस वर्षांचा संसार, आणि निरोप काय, तर गाडीचा. त्याला चौदा महिने झाले. बाईंनी एक दिवस चुकवला नाही. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. दात घासावेत तशी त्या गाडी फिरवत.

जानेवारीत इंजिन खडखडायला लागलं, तेव्हा त्यांनी कादरभाईंना बोलावलं. हे आपट्यांचे वीस वर्षांपासूनचे मेकॅनिक. त्यांनी ऑइलचं झाकण उघडून बाईंसमोर धरलं. आतून पिवळट, लोण्यासारखा थर जमला होता.

"पाणी आहे हे."

"मी कशाला पाणी घालू त्यात?"

"घालावं लागत नाही, ताई. इंजिनात वाफ होतेच. इंजिन नीट तापलं की उडून जाते. तुमची गाडी या थंडीत तापायच्या आत बंद. मग ते पाणी ऑइलमध्येच मुरतं. असंच चाललं तर इंजिन जाम होईल एक दिवस."

"अहो, पण मी रोज चालवते."

"म्हणूनच तर."

बाईंनी झाकण हातात घेऊन पुन्हा पाहिलं. माणसाने जाताना एकच गोष्ट मागितली, आणि तीच आपण रोज नेमाने बिघडवत होतो. याचं तरी दुःख व्हायला हवं होतं, तेही होईना.

कादरभाईंनी ऑइल बदललं आणि बजावलं, आठवड्यातून एकदा तासभर हायवेला न्या.

रविवारी त्या निघाल्या. नवऱ्याशेजारी बसून शंभरदा गेलेल्या रस्त्यावर स्टिअरिंग धरून त्या कधी गेल्या नव्हत्या. नवले पुलापाशी मागच्या ट्रकने हॉर्न दिला तेव्हा त्यांनी गाडी डावीकडे घेतली. कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर आला होता. खेड शिवापूरच्या अलीकडे त्यांनी एका हॉटेलपाशी गाडी थांबवली.

"अहो, तुम्हाला गाडीतलं काहीसुद्धा कळत नव्हतं," त्या शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाल्या. हे वाक्य छत्तीस वर्षं राहून गेलं होतं.

आता रडू येईल म्हणून त्या थोडा वेळ बसून राहिल्या. आलं नाही. भूक लागली. चौदा महिने घड्याळ बघून जेवलेल्या बाईंना आज खरीखुरी भूक लागली. त्यांनी खाली उतरून मिसळ मागवली, आणि रस्सा दोनदा घेतला.