चाचणीतली चंदी

"हे तुम्हीच लिहिलंय, की कुणाकडून लिहून घेतलंय?"

स्क्रीनवर सात चेहरे. विचारणारा ॲपच्या टीमचा प्रमुख, पुण्याचा. तेवढ्यात मागे आमची बकरी चंदी ओरडली. "तुमच्या टीममध्ये अजून कोण कोण आहे?" एकजण म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. माझ्या त्या हसण्याची मला आजही चीड येते.

मग आडनाव विचारलं. सांगितलं. "अच्छा," म्हणाला. हा 'अच्छा' आम्ही शाळेच्या पहिल्या दिवसापासून ओळखतो.

माझी माय राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आशाताई आहे. गरोदर बायांच्या, लेकरांच्या नोंदी मोबाइलमध्ये भरते. ॲप या लोकांचं. गावात रेंज नाही, भरलेली नोंद गायब व्हायची, आणि मिटिंगमध्ये बोलणी मायला. कामचुकार म्हणायचे तिला. ॲपचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही दुरुस्ती पाठवावी, प्रमुखाने तपासून आत घ्यावी, करणाऱ्याचं नाव त्या ओळींवर कायम राहावं, असा तिथला नियम. मी यवतमाळला हे काम शिकले होते. महिनाभर खपून दुरुस्ती केली. रेंज येईपर्यंत नोंद फोनमध्येच थांबेल, एवढंच.

"रेंज नसणं हा तुमच्या गावाचा प्रश्न आहे, ॲपचा नाही." त्याच कॉलवर प्रमुखाने दुरुस्ती नाकारली.

पंधरा दिवसांनी मायची नोंद गायब झाली नाही. मी कोड उघडला. ओळी माझ्या, नाव प्रमुखाचं. आणि खाली, चाचणीसाठी मी भरलेली खोटी नोंद तशीच्या तशी. नाव चंदी, वय तीन, बाळंतपणं दोन. वाचलीसुद्धा नव्हती त्याने. चोरी केली ती बकरीसकट.

मी त्याला विचारलं. उत्तर आलं, "ताई, एवढं मनावर घेऊ नका. आभाराच्या यादीत 'यवतमाळच्या एक ताई' असं टाकतो."

अंगाचा तिळपापड झाला. माय म्हणाली, "कायले भांडतं व? काम तं झालं न."

"तू उन्हातान्हात फिरून नोंद भरली अन् नाव दुसरीचं लागलं, तं चालन तुले?"

मायने हातातलं सूप खाली ठेवलं.

"नाही चालन," म्हणाली. "लिही मंग. आडनावासकट लिही."

लिहिलं. सगळ्यांना दिसणाऱ्या चर्चेच्या पानावर, नाव, आडनाव, गाव. माझी दुरुस्ती आणि त्याची, शेजारी शेजारी. खाली एकच प्रश्न: चाचणीतली चंदी कोण आहे, सांगा.

त्याने चर्चा बंद केली. मी दुसऱ्या दिवशी नवी उघडली. तीही बंद केली. आज सकाळी पुन्हा उघडली आहे. आता तिथे दुसरे लोकही विचारायला लागलेत, चंदी कोण?

आभार नकोत. त्या ओळींवर माझं नाव लागेपर्यंत मी रोज विचारणार आहे. आणि आता त्यांच्या व्हिडिओ कॉलवरही, कॅमेरा चालू ठेवून, चंदीला शेजारी बांधून.