बायसिकलीवरून ताडीच्या मुलुखात

सकाळी गिरगावातून निघालो तेव्हा आमच्या चाळीतली निम्मी मंडळी मला निरोप द्यायला गॅलरीत उभी होती. निरोप हे आपले म्हणायचे; मी कुठे आपटतो ते त्यांना पाहायचे होते. मी आपटलो नाही. फाटकातून सरळ रस्त्याला लागलो. त्यामुळे सर्वांची फार निराशा झाली, व पलीकडच्या बिऱ्हाडातले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "कोपऱ्यावर तरी पडेल."

कोपऱ्यावर पडलो.

बायसिकल माझी नव्हती. आमच्या कचेरीतल्या पेस्तनजीची होती. तो हवापालटाला गेला होता व जाताना ती माझ्या हवाली करून गेला होता. चढावे कसे, वळावे कसे, हे त्याने मला मैदानावर नेऊन शिकवले होते. थांबावे कसे हे विचारले तेव्हा तो म्हणाला, "अरे, चालवायला शिक नी पेहला! थांबायची घाई कशाला?"

विलायतेस जाऊन आलेले लोक तिकडच्या डोंगराळ मुलुखात द्राक्षमळ्यांतून बायसिकली दामटल्याच्या गोष्टी सांगतात आणि आपण तोंडाचा आ करून ऐकतो. आमच्या मुंबई बेटालाही टेकड्या आहेत. द्राक्षे नसली तरी ताडाची झाडे आहेत. माणसाला झिंगण्याची सोय देवाने सर्व देशांत सारखीच करून ठेवली आहे. तेव्हा अँटॉप हिलच्या बाजूला ताडीच्या मुलुखात एक फेरी मारून येतो, असे मी घरी जाहीर केले.

खरे कारण निराळे होते. माझी धाकटी बहीण यमू तिकडे दिली आहे. तिचे सासरे आबासाहेब यांची टेकडीच्या पायथ्याशी मोठी वाडी आहे आणि वाडीचे उत्पन्न मुख्यतः ताडीचे. लग्नाच्या पंगतीत आमचे वडील शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "ताडीच्या पैशावर जिलबी बरीक छान होते." वडिलांना कुजबुजता येत नाही. सगळ्या पंगतीने ऐकले. आबासाहेब पानावरून उठले आणि त्या दिवसापासून यमूचे माहेर बंद झाले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, यमू आली नाही. वडील माफी मागेनात, आबासाहेब विसरेनात. आई दर सणाला यमूच्या आवडीचे काहीतरी करायची आणि जेवताना त्या पदार्थाकडे बघायचीसुद्धा नाही. ते मला पाहवत नव्हते.

लालबागेत गिरणीच्या फाटकाशी काही कोकणी मंडळी विड्या ओढत बसली होती. मला पाहून एकजण ओरडला, "अरे, ह्यो बघ, चाकार बसान चललो! खंय चललास रे बाबा?" (कुठे निघालास?) मी ऐटीत म्हणालो, "शीवेला!" तो म्हणाला, "मगे गाडयेक सांग, ती भायखळ्याक चललीसा." खरेच, खड्डा चुकवता चुकवता माझे तोंड उलटे फिरले होते.

परळ ओलांडल्यावर धुराडी मागे पडली. दादरला नारळीच्या वाड्या लागल्या आणि सावलीत जरा जिवात जीव आला. तिथे मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली एक कोळीण माझ्या बरोबरीने चालू लागली. मी बायसिकलीवर आणि ती पायी, तरी बराच वेळ ती माझ्या मागे पडेना. शेवटी तिला कीव आली. "आरं दादा," ती म्हणाली, "उतर नि चाल. लवकर पोचशील." मी उतरलो. चालत गेल्यावर खरोखरच लवकर पोचलो.

टेकडीचा चढ बायसिकल ढकलत चढलो. आमच्याकडचे जुने लोक हिला अंतोबाची टेकडी म्हणतात. माथ्यावरून खाली मिठागरे चकाकत होती, पलीकडे खाडी, आणि अलीकडे ताडच ताड. तालमीतले पैलवान दंड थोपटून उभे असावेत तसे दिसत. प्रत्येकाच्या गळ्यात मडके. वारा सुटला होता. असे ठिकाण पाहिल्यावर माणसाने बसून चार सुविचार करावेत. मी बायसिकलीवर बसलो व उतार उतरू लागलो.

या यंत्राला ब्रेक म्हणून रबराचा एक तुकडा पुढच्या चाकावर दाबायचा असतो. मी दाबला आणि तो गळून पडला. पायांखालच्या पायट्या इतक्या जोराने फिरू लागल्या की पाय वर उचलून घ्यावे लागले. मी ओरडत होतो, पण काय ते आठवत नाही. वळणावर नुकत्याच उतरवलेल्या ताडीची मडकी ओळीने मांडली होती. एकही वाचले नाही.

नखशिखांत ताडीने न्हालेला मी मडक्यांच्या खापरांत बसलो होतो तेव्हा वरच्या झाडावरून आवाज आला, "पावनं, लागलं का?" कमरेला कोयता लावलेला एक ताडी उतरवणारा शेंड्यावर बसला होता; भिकू भंडारी हे त्याचे नाव मागून कळले. मी विचारले, "ही मडकी कुणाची?"

"आबासायबांची. तेच येतायत बगा."

आबासाहेब आले. पगडी, उपरणे, पायांत पुणेरी जोडा. त्यांनी मला ओळखले. जवळ येऊन वाकून वास घेतला. मग एकदा माझ्या डाव्या खांद्याचा, एकदा उजव्याचा.

"विनायकराव," ते म्हणाले, "तीर्थरूपांना कळवू का, चिरंजीव आमच्या ताडीत बुडाले म्हणून?" आणि ते एवढ्या मोठ्याने हसले की भिकूने वर झाडाला मिठी मारली.

वाडीत नेऊन त्यांनी मला विहिरीवर आंघोळ घातली, आपले धोतर नेसायला दिले, गुडघ्याला हळद लावली. ओल्या खोबऱ्याचे दडपे पोहे आले, आणि पहाटे उतरवलेली नीरा (न आंबलेली गोड ताडी) आली. आणणारी यमू होती. तिने ताटली ठेवली, माझ्या गुडघ्याकडे पाहिले आणि पदराआड हसली. पण डोळे भरले होते. सासऱ्यांसमोर तोंड उघडायची त्या घरात रीत नव्हती. तिचे यजमान सदाशिवराव शेजारीच बसले होते, पण त्यांचीही तीच गत. मी माहेरचा विषय काढला तर आबासाहेब म्हणाले, "पोहे घ्या." पुन्हा काढला तर म्हणाले, "ते तुमचं यंत्र मोडलं का?"

यंत्र मोडले नव्हते. त्यांनी ते ठोकून, हात लावून, दोनदा प्रदक्षिणा घालून पाहिले आणि मग सहज बोलावे तसे बोलले, "आम्ही बसून पाहावं म्हणतो."

मी आणि सदाशिवराव दोन्ही बाजूंनी धरून त्यांना अंगणात फिरवू लागलो. एक फेरी झाली. आबासाहेबांना स्फुरण चढले. "सोडा!" ते गरजले. आम्ही सोडले.

आणि ते पडले नाहीत! विहिरीभोवती त्यांनी एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला त्यांचा चेहरा बदलला. "आता थांबवायचं कसं?" त्यांनी विचारले.

"ते मलाही शिकवलेलं नाही," मी म्हणालो.

पायट्या चाकाबरोबर फिरत राहतात. पाय काढावा तर तोल जातो. आबासाहेब गोल गोल फिरू लागले. पगडी गेली. उपरणे गेले. भिकू शेंड्यावरून सल्ले देत होता, "डावीकडं, सायेब! हिर हाय, हिर!" आम्ही मागून धावत होतो. आणि तेवढ्यात यमू ओटीवरून खाली उतरली, अंगणात उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मामंजी, मला माहेरी जायचंय."

सदाशिवराव जागच्या जागी थांबले. मीही थांबलो.

"काय?" आबासाहेब तिच्या पुढून गेले.

"आईला भेटायचंय," ती पुढच्या फेरीला म्हणाली. "भांडण तुमचं आणि बाबांचं. मी काय केलंय?"

आबासाहेब आणखी एक आख्खी फेरी मारून आले. मग ते म्हणाले, "जा! जा म्हटलं ना! पण आधी ह्याला कुणी धरा!"

"दादा, गवताकडे वळव त्यांना," यमू म्हणाली. मी धावत जाऊन बायसिकलीला कोपराने रेटले आणि आबासाहेब गवताच्या गंजीत कमरेपर्यंत शिरले.

ते बाहेर आले. यमू खाली मान घालून उभी होती, पण मागे सरली नव्हती. आबासाहेबांनी मिशीतली गवताची काडी काढली.

"शब्द मी पडायच्या आधी दिला," ते म्हणाले. "म्हणजे शुद्धीवर दिला. मोडणार नाही. पण सून काय या चाकावर बसवून धाडू? बापानं न्यायला यावं. आला की माझ्या झाडाची नीरा पेलाभर प्यावी. मग माझ्या पैशाबद्दल काय बोलायचं ते खुशाल बोलावं." आणि सुनेकडे वळून हळूच म्हणाले, "एवढा आवाज कुठं ठेवला होतास गं?"

परत येताना मी बायसिकलीवर बसलोच नाही. कमरेला आबासाहेबांचे धोतर, हँडलला ओल्या कपड्यांचे गाठोडे, असा चालत चालत गिरगावला आलो. वाटेत एकच विचार होता. देश पाहायला लोक समुद्र ओलांडतात. माझी बहीण चार कोसांवर होती आणि तिथे जायला आमच्या घरातल्या एकालाही वाट सापडली नव्हती.

वडील गॅलरीत होते. त्यांनी गाठोड्याचा वास घेतला आणि भुवया चढवल्या. मी सगळे सांगितले, पेल्याची अटही सांगितली. आई दारात येऊन उभी राहिली होती. ती वडिलांकडे पाहत राहिली.

वडील कुजबुजल्यासारखे म्हणाले, आणि ते आख्ख्या चाळीला ऐकू गेले, "नीरा पहाटे प्यावी लागते ना? मग गाडी आजच सांगून ठेव."