घरचं माणूस शेवटी

लष्करी दफनभूमीच्या नळाखाली भावजयीने बादली लावली, तेव्हाच ताईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, आज तरी सरळ त्याच्याकडे चल!"

"आलेच. ही एवढी ओळ होऊ दे."

ही एवढी ओळ म्हणजे युद्धस्मारकाच्या खांबापासून पार कुंपणापर्यंत. ताईंच्या धाकट्या भावाची शिळा मधेच कुठेतरी. पण भावजयीचा सगळा जन्म इस्पितळात नर्स म्हणून गेलेला. वॉर्डात एकाचीच चादर बदलून शेजारच्याला तसंच ठेवायचं नाही, आणि घरचं माणूस दाखल असलं तर त्याचा नंबर शेवटी, हे तिच्या अंगात भिनलेलं. युद्धात गेलेल्या नवऱ्यासाठीही तिने नियम वाकवला नाही. दरवर्षी साऱ्या ओळीच्या शिळा लख्ख होत, आणि भावापाशी जरा टेकावं, तोच फाटक बंद करायची पहारेकऱ्याची शिट्टी वाजे.

"काय रे बाळा, कावळ्यांनी छळलं वाटतं?" भावजय एका परक्याच शिळेशी बोलत होती.

"लोकांशी गप्पा, आणि नवरा ताटकळत!" ताई करवादल्या.

"त्याला सवय आहे, ताई. लग्नातसुद्धा मी ड्यूटी संपवूनच आले होते. सरका जरा, पाणी येतंय."

ताईंचा संयम सुटला. भावाला एक गोष्ट सांगायची होती, निवांत, एकटीने. ती भलत्याच ठिकाणी तोंडून निघून गेली.

"पुढच्या वर्षी मी नसेन गं!"

"काहीतरी अभद्र बोलू नका!"

"मरत नाहीये मी! लेकीकडे चाललेय. कायमची. इतक्या लांबून हे गुडघे मला इथवर आणणार नाहीत."

भावजयीने फडका पिळला. मधल्या शिळा तशाच सोडून ती थेट नवऱ्यापाशी गेली, त्याची शिळा पुसली आणि शेजारी बसली.

"या. सांगा त्याला."

आयुष्यात पहिल्यांदा तिने रांग मोडली होती. ताई हळूच खाली बसल्या, शब्द जुळवू लागल्या. पण बाईची नजर त्या राहिलेल्या शिळांवर! चुळबुळ काही थांबेना.

"ऊठ बाई, ऊठ! जा, तुझे पेशंट बघ. तू अशी बसलीस तर त्यालाही चैन पडायचं नाही."

ती खरंच उठली, बादलीसकट. ताईंनी ओल्या दगडावर हात ठेवला.

"मी चालले रे लेकीकडे. आता हिच्यावर ओरडायला कोणी उरणार नाही. तूच काय ते बघ."