टेस्टिंगची रेकॉर्ड

ताई, मी दुबईला निघालो त्या दिवशी अण्णा मला सोडायला आले नाहीत, याचा राग तू माझ्या वतीने अजून धरून आहेस. मला तो कधीच आला नाही. त्यांना येळावीला लग्नाची ऑर्डर होती, आणि लाउडस्पीकरचा शब्द दिलेला माणूस पोरगा परदेशी चालला म्हणून घरी बसत नाही, हा त्यांचा खाक्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला दोनच वाक्यं सांगितली. "पोचलास की फोन कर. आणि तिकडचं जेवण मानवत नाही म्हणून रडगाणं लावू नको." आईने चटणीची पुडी बॅगेत कोंबली, तू जीपच्या मागे कोपऱ्यापर्यंत चालत आलीस, आणि मी तासगाव सोडलं.

येळावीतून जाताना रस्त्याकडेला मांडव दिसला. लिंबाच्या झाडाला कर्णे बांधलेले होते आणि त्यातून ती अमेरिकन बाई गात होती. जीपवाला हसला, "अण्णांचं टेस्टिंग चाललंय." मला गाडी थांबवायला सांगता आलं असतं. पण भाड्याच्या जीपमध्ये आणखी चार माणसं होती, त्यांच्यासमोर बापाच्या पाया पडताना डोळे भरून आले असते, त्याची मला लाज वाटली. गाणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. अण्णांचे कर्णे लांबवर जायचे.

तुला हे सगळं पाठ आहे, पण माझी रेवा कधीतरी हे वाचेल म्हणून नीट सांगतो. तिने आजोबांना धंद्यात कधी पाहिलंच नाही.

अण्णांची साउंड सर्व्हिस. दोन अ‍ॅम्प्लिफायर, सहा कर्णे, एक रेकॉर्ड प्लेअर आणि पुढे कॅसेटचा डेक. मिरजेच्या जुन्या बाजारात त्यांनी एकदा हिंदी रेकॉर्डचा गठ्ठा घेतला, त्यात ही एक चुकून आली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची 'सोल' गायकी गाणाऱ्या एका जुन्या गायिकेची निवडक गाणी, वेगवेगळ्या वर्षांत गायलेली, एकत्र केलेली. कव्हरवर तिचा उभा फोटो, डोळे मिटलेले. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आपल्या घरात ते कुणी कधी उच्चारलंच नाही. ती 'टेस्टिंगची बाई'.

खेडेगावात सकाळी कर्ण्यातून हिंदी गाणं सोडलं की लोकांना वाटायचं, कार्य सुरू झालं. बायका हातातलं काम टाकून धावत यायच्या, आणि इथे अजून नवरदेवाचाही पत्ता नसायचा. भक्तिगीत लावलं तर म्हातारी माणसं टाळ्या वाजवत पुढे येऊन बसायची. यजमान अण्णांवर खेकसायचे. म्हणून अण्णांनी ही शक्कल काढली. ज्या बाईचं अक्षरसुद्धा कुणाला कळणार नाही तिला लावायचं, म्हणजे कुणी फसत नाही. हळूहळू पंचक्रोशीला सवय झाली. ती गायला लागली की लोक म्हणायचे, अजून वेळ आहे, चहा टाका.

पण अण्णा स्वतः फसले. टेस्टिंग दोन मिनिटांत व्हायचं, ते मात्र अख्खी बाजू ऐकायचे. वायर गुंडाळता गुंडाळता थांबायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, तुम्हाला कळतं तरी का ती काय म्हणते?" ते म्हणाले, "तिचं काहीतरी गेलंय. काय गेलंय ते कळून काय करू?"

मी अण्णांचा धंदा नको म्हणून पळालो आणि नशिबाने त्याच धंद्यात येऊन पडलो. रास अल खोरमध्ये आमच्या इव्हेंट कंपनीचं गोदाम आहे. शिस्तीत रचलेले स्पीकर, मिक्सर, मैलभर केबल. मी तिथला इन्व्हेंटरीचा माणूस. कुठला माल कुठल्या हॉटेलात गेला आणि काय मोडून परत आला हे बघतो. राहायला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, नावापुरती बाग असलेल्या बिल्डिंगमध्ये. अठरा वर्षं झाली. आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तेव्हा ठरवलं होतं की अण्णांच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही.

गेल्या वर्षी अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. तू त्यांना तुझ्याकडे नेलंस. दोन खोल्यांत सासू-सासरे, मुलं आणि अंथरुणाला खिळलेले अण्णा. मी फोनवर म्हणालो, "आता मी त्यांना इकडे आणतो." आणि ताई, मी खरंच तयारी केली होती. हॉलच्या कोपऱ्यात घडीचा पलंग आणला, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला, व्हिसाची कागदपत्रं दिली. सून म्हणून सायलीनेही कुरकुर केली नाही. म्हणाली, "येऊ देत. रेवाला दोन मराठी शब्द तरी येतील."

इथे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना एक खोड असते. गावाकडचं ते जुनं, इथलं ते चांगलं. सुट्टीवर निघालो की आम्ही घरच्यांच्या वस्तू बदलायला निघतो. कुकर बदलतो, ब्लँकेट बदलतो, चालू असलेलं घड्याळ काढून नवं लावतो. त्यांनी मागितलेलं नसतं. मी तासगावचं घर भाड्याने द्यायला रिकामं केलं तेव्हा अण्णांचा प्लेअर आणि रेकॉर्डी भंगारवाल्याला दिल्या. तू म्हणालीस, "ती एक तरी ठेव." मी म्हणालो, "अगं, फोनवर सगळं मिळतं, याच्यापेक्षा क्लिअर."

मिळालंही. तोच अल्बम, तेच कव्हर, आवाज धुऊनपुसून स्वच्छ केलेला. मी चांगला ब्लूटूथ स्पीकर घेतला आणि तो घेऊन अण्णांना न्यायला आलो.

पुढचं तुझ्यासमोर घडलं, पण मी काय पाहिलं ते सांगतो. डॉक्टर म्हणाले होते, "किती समजतं ते सांगणं कठीण आहे. ओळखीचे आवाज ऐकवून बघा." मी स्पीकर अण्णांच्या उशाशी ठेवला आणि तिला लावलं. माझी खात्री होती, म्हातारा आत्ता हसणार. अण्णा स्पीकरकडे बघत राहिले. कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी चालणारा हात उचलला आणि तळवा खाली दाबल्यासारखा केला. मी आवाज कमी केला. त्यांनी परत तसंच केलं. मी आणखी कमी केला. तिसऱ्यांदा त्यांनी हात जोरात केला आणि घशातून काहीतरी आवाज काढला. मी बंदच करून टाकलं. अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी म्हणालो, "ताई, यांना आता काही कळत नाही गं." तू म्हणालीस, "कळतं रे. मी भाजी निवडायला बसले की जुडी माझ्याकडे सरकवतात." मी ऐकलं नाही. जी बाई चाळीस वर्षं ऐकली ती ज्यांना ओळखू येत नाही, ते मला काय ओळखणार, दुबई काय ओळखणार? आपण कुठे आहोत हेही ज्यांना समजणार नाही, त्यांना विमानात कशाला घालायचं? हा निकाल मी त्या दोन मिनिटांच्या टेस्टिंगवर लावला. व्हिसाचं काम थांबवलं, सांगलीच्या शुश्रूषा केंद्रात त्यांची सोय केली आणि परत आलो. पलंग सायलीने घडी करून ठेवला. चार महिन्यांनी तुझा फोन आला. मी पोचलो तो पुन्हा तिसऱ्या दिवशी.

आता गेल्या आठवड्यातलं सांगतो. एका पार्टीला जुन्या काळची थीम हवी होती. खरा रेकॉर्ड प्लेअर, खऱ्या रेकॉर्डी. रेकॉर्डी मी मागवल्या, आणि त्यांत ही एक मुद्दाम घातली. कव्हर हातात धरावंसं वाटलं, दुसरं काही नाही. आमचा साउंड इंजिनियर जोजो, केरळचा. त्याने गोदामातला एक धूळ खात पडलेला प्लेअर काढला आणि तीच लावली.

ताई, ती आली. फोनवरची नव्हे, आपली. जाड, थकलेली, प्रत्येक शब्द ओढत गाणारी. माझ्या हातातली यादी खाली पडली. जोजोने लगेच हात घातला. "रुको भाई, बेल्ट ढीला है. स्लो चल रहा है. इसकी असली आवाज ऐसी नहीं है."

मी म्हणालो, "मत निकाल. चलने दे."

"अरे हबीबी, गलत बज रहा है."

गलत! मला तिथेच सगळं आठवलं. अण्णांच्या प्लेअरचा पट्टा फार वर्षांपूर्वी तुटला होता, आणि त्यांनी सायकलच्या ट्यूबमधून कापून नवा घातला होता. तो घसरायचा. हिंदी गाणी तोवर कॅसेटवर गेली होती, प्लेअरवर फक्त ती एकटी उरली होती, आणि ती आधी कशी गायची हे अण्णांसकट अख्खा तालुका विसरून गेला होता. मी नेलेली बाई अण्णांच्या कानाला घाईघाईत, चढ्या आवाजात पळत होती. त्यांनी तळवा खाली दाबला तो आवाज कमी करायला नव्हे. हळू, असं सांगत होते ते. वेग चुकलाय, हळू कर. तीनदा सांगितलं. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाने, एका हाताने, मला चूक दाखवली, आणि मी त्यांचा आवाज बंद केला.

जोजोने मला खुर्ची दिली, पाणी आणलं. मी त्या गोदामात पोरासारखा रडलो.

ताई, मी तुझ्याकडे माफी मागत नाही. तुझ्या हातात ती नाही. पण तू बरोबर होतीस हे तुला माझ्याकडून कळायला हवं. इथे मला कुणी विचारलं, घर कुठे, तर आजवर मी तासगाव म्हणायचो. आता तिथे भाडेकरू आहेत. आपले अण्णा जिथे नीट वाजत होते, जिथे त्यांचं म्हणणं कुणीतरी ऐकून घेत होतं, ते घर. शेवटी ते तुझ्या दोन खोल्यांत होतं, तुझ्या भाजीच्या जुडीपाशी, आणि तिथून मी त्यांना उठवलं.

काल मी फोनवर गाण्याचा वेग कमी करायचं शोधून काढलं आणि घरी लावलं. रेवा अभ्यास सोडून आली. "बाबा, इट्स टू स्लो. समथिंग इज राँग विथ इट."

"आमच्याकडे ती अशीच गायची," मी म्हणालो.

ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "बट यू सेड आजोबा डिडन्ट अंडरस्टँड एनिथिंग."

हे मी तिला सांगितलं होतं, पलंग का काढला असं तिने विचारलं तेव्हा.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो. "आजोबांना सगळं कळत होतं."

मग मी तुला लिहायला बसलो.