विमलमावशीनं सांगितलेला अर्थ

‘विमलमावशी गेल्या.’ शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर त्या सकाळी एवढाच निरोप आला, आणि दुपारपर्यंत मुलींच्या आठवणी थांबेचनात. कुणाकडून मावशीनं स्पेलिंगं पाठ करून घेतली होती, कुणाला नोकरीचा अर्ज दुरुस्त करून दिला होता. मुकुटबनच्या त्या शाळेत सव्वीस वर्षं इंग्रजी मी शिकवलं. विमल तिथं शिपाई होती. ते सगळं वाचताना दुःखाच्याही आधी मनात जे आलं, ते कबूल करायला महिना लागला... मला तिचा हेवा वाटला.

विमल दहावीपर्यंत शिकलेली. मधल्या सुट्टीत डबा आटोपला की ग्रंथालयातला जाडजूड इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची. अर्थ सापडला तरी थांबायची नाही. शब्द मुळात कुठून आला, तेही शोधायची. “बाईले माहेर असते न मॅडम, तसं शब्दालेही असते,” असं एकदा मला म्हणाली होती. मी हसले. पण हळूहळू मुली तिच्याभोवती जमू लागल्या, तेव्हा हसू येईना.

एका वर्षी नववीतल्या प्रतिभानं परीक्षेच्या पुस्तकातला एक शब्द वर्गात विचारला... इन्विडियस. मला माहीत नव्हता. ‘उद्या सांगते’ म्हणता आलं असतं, मी ठोकून दिलं, “डोळ्यांना न दिसणारं.” दुसऱ्या दिवशी प्रतिभा उभी राहिली. “मॅडम, विमलमावशी तं येगळंच सांगते.” विमल नेमकी नोटीस घेऊन दारात आली होती. “सांगा की मग,” मी म्हणाले. ती अवघडली. “ज्याच्यानं लोकायच्या मनात नावड पैदा होते, असं काही. एकाच लेकराचे लाड केले तं बाकीच्यायले कसं वाटते, तसं. लॅटिनमधून आला म्हने. तिकडं त्याच्या मुळाशी वाकड्या नजरेनं पाहनं आहे, हेवा आहे. आपन नजर लागली म्हनतो न... तसंच.” मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी तिच्याकडे कशी पाहत होते, ते मलाच ठाऊक.

त्याच आठवड्यात मी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, की शिपाईबाई कामं टाकून वाचत बसतात. शब्दकोश कपाटात कुलूपबंद झाला. मधल्या सुट्टीत विमलला खिचडीच्या खोलीत नेमलं. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. मी निवृत्त होईपर्यंत पाण्याचा ग्लास रोज माझ्या टेबलावर येत राहिला.

महिन्याभरानं शाळेनं एका सकाळी शोकसभा ठेवली. मला बोलायला सांगितलं, आणि मी तक्रारीचं सांगून टाकलं. बाहेर पडताना विमलची मुलगी रेखा जवळ आली.

“आईले माहीत होतं, मॅडम.”

“मग मले बोलली काहून नाही ती?”

“बोलली असती, तं तुमच्या वर्गाबाहेर बसाले तोंड राह्यलं असतं का तिचं? तुमचा तास सुरू झाला का दाराशी स्टूल घेऊन बसे. इंग्रजी तिथंच शिकली म्हने.”

एवढी वर्षं हेवा करत राहिले, आणि तिनं मात्र...

रेखा गेल्यावर मी त्या वर्गाकडे वळले. स्टूल तिथंच होतं. मागच्या भिंतीवर, डोकं टेकायचं तिथं, तेलाचा गोल डाग. मी बसले. आत नव्या मॅडमचा तास चालू होता आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता... बाहेर इतकं स्पष्ट ऐकू येतं, हे मला कधी कळलंच नव्हतं.